पाण्याची रेघ

जर्मनीतल्या पासाऊ गावी टाउन हॉलच्या मनोऱ्याखाली आमचा गट थांबला तेव्हा सकाळचे ऊन नुकतेच चौकात उतरले होते. आदल्या संध्याकाळी रेगेन्सबुर्ग सोडून आमची बोट डॅन्यूबच्या प्रवाहाबरोबर खाली आली होती आणि पहाटे या गावाच्या धक्क्याला लागली होती. मनोऱ्याच्या भिंतीवर आडव्या रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेजवळ वर्षाचा आकडा आहे. कोणत्या वर्षी पुराचे पाणी कुठवर चढले, याची ती नोंद. सर्वांत वर १५०१, त्याच्या जरासे खाली २०१३, आणि त्याहून खाली १९५४ आणि बाकीची वर्षे. गाइड बाईंनी २०१३ च्या रेघेकडे बोट दाखवले, तशी गटातली काही मंडळी उत्साहाने पुढे झाली. एकाने हात उंच करून पाहिला, दुसऱ्याने टाचा उचलल्या, एका बाईंनी मिटलेली छत्री वर धरली, तरी छत्रीचे टोक रेघेच्या बरेच खाली राहिले. सगळे हसले, एकमेकांचे फोटो काढले गेले. यजमान म्हणाले, “उभी राहा, तुझाही काढतो.” मी नको म्हणाले आणि बाजूला झाले. ते ‘नको’ मी कोणत्याही विचाराने म्हटले नव्हते, आणि म्हणूनच कदाचित पुढे बुडापेस्टपर्यंत ते माझ्या मनातून गेले नाही.

मी सांगलीची. माझे माहेर गावभागात, कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे काय झाले ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मी तेव्हा पुण्यात होते आणि फोन लागेल तेव्हा एकच प्रश्न विचारत होते: “आयर्विनला किती?” सांगलीचे पावसाळ्यातले सगळे गणित कृष्णेवरच्या त्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आहे त्यावर चालते. चाळीस फुटांना माणसे सावध होतात, पंचेचाळीसला धोक्याची पातळी, आणि पन्नास ओलांडले की कोणत्या गल्लीत किती पाणी असेल हे जुनी माणसे घरात बसून सांगतात. आई आणि धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर गेले होते. २००५ साली आमच्या खालच्या खोलीत मांडीइतके पाणी आले होते आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनात पाण्याची शेवटची हद्द म्हणून तेवढेच बसले होते. भाऊ फोनवर ठामपणे सांगत होता, “पाच सालाच्या वर काही जात नाही बघ.” सामानही त्याच हिशेबाने हलवले होते: गाद्या पलंगावर, धान्याचे डबे ओट्यावर, बाबांची पुस्तके कपाटाच्या वरच्या दोन खणांत. पुढे आयर्विनचा आकडा साडेसत्तावन्न फुटांवर जाऊन थांबला, २००५ पेक्षा साधारण चार फूट वर. आईला सज्जातून बोटीत उतरवावे लागले. पाणी ओसरल्यावर मी घरी गेले तेव्हा खालच्या खोलीच्या चारही भिंतींवर, माझ्या डोक्याच्या वर, सूत धरून मारावी तशी सरळ तपकिरी रेघ होती. रेघेच्या वर भिंत आमच्या घराची होती आणि रेघेच्या खाली ती नदीच्या रंगाची झाली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी भिंती खरवडून घर रंगवले. पण दर पावसाळ्यात ओल धरली की रंगातून ती रेघ पुन्हा पिवळसर दिसू लागते. आईने तिथे कपाट सरकवले आहे.

पासाऊ हे गाव तीन नद्यांच्या बेचक्यात वसलेले आहे. डावीकडून बव्हेरियाच्या जंगलातली इल्झ येते, उजवीकडून आल्प्समधली इन, आणि मध्ये डॅन्यूब. डॅन्यूब आणि इन यांच्यामध्ये जमिनीची एक निमुळती जीभ पुढे आलेली आहे आणि तिच्यावर जुने शहर उभे आहे. नदीपलीकडच्या उंच कड्यावर वेस्टे ओबरहाउस हा किल्ला आहे. इथल्या बिशपांनी तो १२१९ साली बांधायला घेतला, आणि तो शत्रूवर जितका रोखलेला होता तितकाच खालच्या नागरिकांवरही होता. मी डेकवर उभी राहून हे पाहत होते तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली, की या गावाला पाठ टेकायला जागाच नाही. आमच्या सांगलीत पाणी एका बाजूने येते आणि माणसे दुसऱ्या बाजूला, विश्रामबागेकडे, सरकतात. इथे एका अंगाने डॅन्यूब चढते आणि दुसऱ्या अंगाने इन, आणि मधली जीभ दोन्हीकडून भिजत जाते.

नदीवरच्या प्रवासात पाण्याशी जी जवळीक होते ती मला आधी कल्पनेतही आली नव्हती. केबिनची खिडकी पाण्याच्या जेमतेम हातभर वर असते. पासाऊच्या थोडे आधी काखलेट इथे बंधारा आणि जलपाश (पाणी भरून किंवा सोडून बोट चढवण्या-उतरवण्याची बंदिस्त जागा) आहे, १९२० च्या दशकात बांधलेला. रात्री बोट त्या जलपाशात शिरली तेव्हा मला जाग आली. खिडकीबाहेर ओली काँक्रीटची भिंत इतकी जवळ होती, की काच सरकवून हात बाहेर काढला असता तर शेवाळ हाताला लागले असते. बोट हळूहळू खाली जाऊ लागली आणि भिंत वर चढू लागली. भिंतीवर ओलीची एक हद्द होती, तिच्या वर कोरडे पांढुरके काँक्रीट आणि खाली काळपट बुळबुळीत. मी ती हद्द वर जाताना पाहत होते. बाकीचे प्रवासी झोपले असतील. इथले पाणी माणसाच्या हुकमाने चढते आणि उतरते, दार उघडते, बोट पुढे जाते, हे पाहताना मला एका बाजूने कौतुक वाटत होते आणि दुसऱ्या बाजूने अंगावर काटा येत होता. पाण्याने खोली भरणे आणि रिकामी होणे मी वेगळ्या तऱ्हेने पाहिलेले आहे.

सकाळी पाहिले तर आमच्या बोटीला चिकटून दुसरी बोट उभी होती. धक्क्यावर जागा कमी आणि बोटी फार, त्यामुळे त्या एकमेकींना बांधतात. गावात जायचे तर शेजारच्या बोटीच्या दिवाणखान्यातून, तिथल्या लोकांच्या न्याहारीच्या वासातून वाट काढत जावे लागते. आमच्या खिडकीतून आता नदी दिसत नव्हती, दुसऱ्या खिडकीतला पडदा दिसत होता. कानात लावायचे यंत्र घेऊन, क्रमांकाची पाटी उंच धरणाऱ्या गाइड बाईंच्या मागे आम्ही निघालो. त्या साधारण माझ्याच वयाच्या, चाळिशी ओलांडलेल्या, जुन्या शहरातच राहणाऱ्या होत्या. त्यांचा आवाज कानात अगदी जवळ येत होता आणि त्या स्वतः मात्र पन्नास पावले पुढे, अशी या फिरण्याची विचित्र रीत आहे.

त्यांनी २०१३ चे सांगितले ते बेताच्या शब्दांत. त्या वर्षी मे महिनाभर पाऊस होता, जमीन पिऊन पिऊन तृप्त झाली होती, आणि जूनच्या तोंडावर आल्प्सच्या उत्तर उतारावर पुन्हा कोसळला. ३ जूनला डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटरवर गेली. १९५४ च्या पुरात ती १२.२० मीटर होती आणि हयात माणसांच्या आठवणीत त्याहून मोठा पूर नव्हता. नळाचे पिण्याचे पाणी बंद झाले, जुन्या शहरातली वीज गेली. गटातल्या कुणीतरी विचारले, “म्हणजे इथे तेरा मीटर पाणी होते?” बाईंनी समजावले, की हा आकडा नदीकाठच्या पातळीमापकाचा असतो, रस्त्यावरची खोली वेगळी. मला हे समजावून घ्यावे लागले नाही. साडेसत्तावन्न फूट म्हणजे आमच्या गल्लीत साडेसत्तावन्न फूट नव्हे, हे मी पुण्यातल्या कितीतरी जणांना फोनवर सांगितले होते. नदीकाठच्या माणसांकडे असे दोन आकडे असतात, एक पुलाजवळचा आणि एक स्वतःच्या उंबऱ्याचा, आणि पहिला ऐकताच दुसरा मनात आपोआप तयार होतो.

टाउन हॉलकडून आम्ही खालच्या गल्ल्यांत शिरलो. होलगासे नावाची एक अरुंद गल्ली आहे, दगडी फरशीवर रंगीत पट्टे ओढलेली, दोन्ही बाजूंना चित्रकारांची आणि कारागिरांची छोटी दुकाने. गट पुढे गेला आणि मी एका दुकानात रेंगाळले. काचेचे मणी, हाताने रंगवलेल्या बशा. पण माझे लक्ष गेले ते दाराच्या चौकटीकडे. दोन्ही बाजूंच्या दगडात लोखंडी खाचा बसवलेल्या होत्या, उभ्या, बोटभर रुंद. पाणी चढू लागले की त्या खाचांत फळ्या एकावर एक सरकवायच्या आणि दार बंद करायचे. आतमध्ये विजेची बटणे आणि प्लगच्या जागा माझ्या खांद्याच्या वर होत्या. भिंतीचा खालचा भाग फरशीचा, पुसून घेता येईल असा. काउंटरच्या मागच्या मांडण्या जड लाकडाच्या नव्हत्या, उचलून नेता येतील अशा हलक्या होत्या. दुकानदार बाईंना मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, की फळ्यांनी पाणी अडते का. त्या म्हणाल्या, थोडे असेल तर अडते. तेरामध्ये फळ्यांच्या वरून आले. मग खांदे उडवून त्यांनी मला बशीची किंमत सांगितली. मी ती बशी घेतली. आमच्याकडेही २००५ नंतर सगळ्यांनी मीटर वर घेतले होते, आणि एकोणीसमध्ये त्या वर घेतलेल्या मीटरच्याही वर पाणी गेले.

या गावाचे आजचे देखणे रूप आगीतून आलेले आहे. १६६२ साली लागलेल्या आगीत जवळजवळ सगळे शहर आणि त्याचे कॅथीड्रल जळाले. नव्याने बांधायला इटालियन स्थपती आणि कारागीर आले. कॅथीड्रल कार्लो लुरागो यांच्या आराखड्यावर उभे राहिले, आतले चुन्याचे नक्षीकाम जोव्हानी बात्तिस्ता कार्लोने यांनी केले आणि छतावरची चित्रे कार्पोफोरो तेन्काल्ला यांनी. म्हणून या जर्मन गावात फिरताना उतरत्या कौलांपेक्षा सपाट माथ्याच्या, फिकट पिवळ्या, गुलाबी, हिरवट भिंती जास्त दिसतात आणि आपण आल्प्सच्या दक्षिणेला आलो आहोत असे वाटू लागते. त्या रंगांच्या खाली पाण्याने किती वेळा माती सोडली असेल, असा विचार मी करत होते. आगीने जळालेले एकदा नव्याने बांधता येते. पाण्याने भिजलेले घर मात्र उभे राहते आणि आतून बदलते. आमच्या घरातले सागवानी दार पूर उतरल्यावर तसेच होते, फक्त ते पुन्हा कधी चौकटीत नीट बसले नाही.

कॅथीड्रल जुन्या शहरातल्या सर्वांत उंच जागी आहे. तिथे पोचायला चढ चढावा लागतो, आणि चढताना मी पाण्याचा हिशेब करत होते: इथवर आले असेल, इथवर नाही. दुपारी बाराला तिथे ऑर्गनवादन असते. हा ऑर्गन म्हणजे खरे तर पाच ऑर्गन आहेत, चर्चमध्ये वेगवेगळ्या जागी बसवलेले आणि एकाच वादकाला एका ठिकाणाहून वाजवता येणारे. १७,९७४ नळ्या आणि २३३ रजिस्टर, म्हणजे एकेका जातीच्या आवाजाचे नळ्यांचे संच. त्यातला एक छताच्या वर माळ्यात आहे आणि त्याचा आवाज छतातल्या एका भोकातून खाली येतो. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर बाकावरचे लाकूड गार लागले. सुरुवातीचे सूर पायांना कळले, कानांना नंतर. फरशीतून एक थरथर वर आली आणि मग सगळी जागा आवाजाने भरली. मधेच सगळे थांबले आणि अगदी बारीक, लांबचा, कुणीतरी डोंगरापलीकडून वाजवावा असा आवाज वरून येऊ लागला. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी डोळे मिटले होते. मला गाण्यातले फार कळत नाही, पण त्या अर्ध्या तासात मी फार सुखात होते, हे मला लिहून ठेवायचे आहे, कारण या लेखात पुराचेच फार येत आहे आणि त्या दिवशी मी केवळ दुःखीच होते असे वाचणाऱ्याला वाटू नये.

बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिले तेव्हा मात्र पुन्हा तोच हिशेब सुरू झाला. देवाची जागा आणि बिशपांची जागा उंचावर. त्यांच्या खाली चौक आणि घरे. आणि अगदी खाली, पाण्याच्या तोंडाशी, नावाडी, कोळी, मिठाचे हमाल. जिथे पोट नदीवर असते तिथे अंथरूणही नदीशेजारी पडते. सांगलीत जामवाडी, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता इथे पाणी आधी येते, हे तिथे राहणाऱ्यांना ठाऊक असते आणि तरीही ती माणसे तिथे राहतात, कारण शहराने त्यांना दुसरीकडे परवडेल अशी जागा ठेवलेली नाही. पासाऊच्या खालच्या गल्ल्या आता चित्रकारांच्या आणि पाहुण्यांच्या झाल्या आहेत, पण गल्ली तेवढ्याच उंचीवर आहे.

दुपारी गट विखुरला. यजमान काचेचे संग्रहालय पाहायला गेले आणि मी इनच्या काठाने चालत निघाले. या बाजूला गर्दी कमी. शायबलिंग मनोरा नावाचा एक गोल, पांढरा, टोपीसारख्या कौलांचा मनोरा पाण्याच्या अगदी कडेला उभा आहे. इथे मिठाचा धक्का होता. हालाइनच्या खाणींतले मीठ साल्झाख आणि इन नद्यांवरून नावांनी इथे यायचे आणि इथून घोड्यांच्या पाठीवर, जंगलातल्या वाटेने बोहेमियात जायचे. त्या वाटेला सोन्याची पायवाट म्हणत. मिठाने हे गाव श्रीमंत झाले. नदीच्या काठी मीठ साठवणे म्हणजे काय धाकधूक असेल, हे मला तिथे उभे राहून जाणवले, कारण मला हरिपूरची पेवे आठवली. सांगलीच्या हळदीच्या व्यापाराला त्या जमिनीतल्या पेवांनी नाव दिले होते. तिथली माती अशी, की खोल पेवात उतरवलेली हळद वर्षानुवर्षे टिकायची. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरले आणि तो पिढ्यांचा साठवणुकीचा व्यवहार मोडला. पेवे उपसताना हरिपूरच्या रस्त्यावर सुटलेला कुजक्या हळदीचा वास ज्यांनी घेतला आहे ते तो विसरणार नाहीत.

तसेच पुढे चालत गेले की जमीन संपते. तिथे झाडे आहेत, बाके आहेत, आणि समोर तीन नद्या एकत्र होतात. इल्झचे पाणी जंगलातल्या दलदलीच्या मातीमुळे काळे. इनचे पाणी हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या भुकटीमुळे हिरवट दुधाळ. डॅन्यूब मधली, गढुळ हिरवी. बरेच अंतर ते रंग शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता वाहतात, आणि इनचा पट्टा हळूहळू नदीची निम्म्याहून अधिक रुंदी व्यापतो. वर्षभराची सरासरी काढली तर इन डॅन्यूबपेक्षा थोडे जास्तच पाणी आणते. २०१३ मध्ये दोघी एकाच वेळी फुगलेल्या होत्या. मी बाकावर बराच वेळ बसले. हरिपूरला संगमेश्वराच्या मागे आम्ही लहानपणी असेच बसत असू, वारणा येऊन कृष्णेला मिळते तिथे. उन्हाळ्यात दोन्ही पाणी सारखेच दिसायचे, पण पहिल्या पावसानंतर वारणेचे पाणी लाल येई आणि थोडा वेळ दोन रंग दिसत. बाबा म्हणायचे, “बघ, अजून ओळख व्हायची आहे त्यांची.”

संगमाचे पाणी पाहून आनंद होणे आणि त्याच पाण्याची भीती वाटणे, हे दोन्ही आमच्या रक्तात एकत्र आहे. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडू लागले, की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि त्या पाण्यात स्नानाला माणसे लांबून येतात. माझी आजी त्या स्नानासाठी जीव टाकायची. पुढे चारपाच फूट आणखी चढले की तेच पाणी गावात शिरते. आजी दोन्ही पाण्यांना नमस्कार करायची. मला तिच्याएवढे मोठे मन नाही, हे २०१९ मध्ये कळले.

त्या बाकावर बसून मी सकाळच्या फोटोंचा पुन्हा विचार केला. हात उंचावणाऱ्या माणसांचा मला राग आला नव्हता. रेघ इतकी वर पाहिल्यावर कोणीही आपली उंची तिच्याशी लावून पाहणारच. ते मोजणेच होते. आणि पासाऊने ती रेघ चौकात, सगळ्यांना दिसेल अशी लिहिली आहे ती पाहिली जावी म्हणूनच. मला टोचत होते ते दुसरेच. १५०१ ची रेघ त्या लोकांच्या डोळ्यांसमोर होती. १९५४ चा पूर पाहिलेला माणूस त्या भिंतीपाशी उभा राहिला, की त्याच्या स्वतःच्या आठवणीच्या वरही एक रेघ त्याला दिसे. तेवढ्याने २०१३ चे नुकसान टळले नाही, फळ्यांवरून पाणी आलेच, पण ‘याच्या वर जात नाही’ असे म्हणायची सोय त्या भिंतीने ठेवलेली नव्हती. आमच्याकडे तशी भिंत नाही. आमच्याकडे शेवटचा पूर हाच सगळ्यांत मोठा पूर असतो. भाऊ मांडीएवढ्या पाण्याचा हिशेब करून वर जाऊन बसला, त्याला कुणी वेडा म्हणू शकत नाही. त्याला दुसरा आकडा दाखवणारे त्या गल्लीत काहीच नव्हते.

आपल्याकडे रेघा नाहीत असे नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर निळी पूररेषा आहे, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल पूररेषा आहे, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाची परवानगी मागायला गेलेल्या माणसाला त्या रेषांचा पत्ता लागतो, आणि मग ती रेषा थोडी इकडे सरकवता येईल का याची चर्चा सुरू होते. घरभाड्याने खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याला, गणपती पेठेत नवे दुकान टाकणाऱ्याला, लग्न होऊन गावभागात आलेल्या सुनेला ती रेषा कधी दिसत नाही. कागदावरची रेषा सरकवता येते. टाउन हॉलच्या दगडावर रंगवलेल्या रेघेपाशी अशी चर्चा होणे अवघड आहे.

परतताना गाइड बाई धक्क्याजवळ भेटल्या, दुसऱ्या गटाची वाट पाहत उभ्या होत्या. मी त्यांना सांगितले, की माझ्याही गावात असेच पाणी आले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, “किती?” मी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. त्यांनी स्वतःच्या छातीशी हात नेला, मग बोट वर करून म्हणाल्या, पण तळघर पूर्ण. पाणी उतरल्यावर विद्यापीठातले विद्यार्थी मोठ्या संख्येने बादल्या आणि फावडी घेऊन आले, त्यांनीच एकमेकांना निरोप देऊन सगळे जुळवले, रांगा लावून तळघरांतला चिखल बाहेर काढला, असे त्या सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज सकाळपेक्षा वेगळा होता. सकाळी ते माहितीत होते, आता त्यांच्या घरातले झाले होते. चिखल वाळायच्या आत काढावा लागतो, वाळला की दगड होतो, असे त्या म्हणाल्या आणि मी मान हलवली. आमच्याकडे इचलकरंजीहून, पुण्याहून, कुठकुठल्या तालमींतून पोरे आली होती. ज्यांची नावेही आम्हाला कळली नाहीत अशांनी आईचे स्वयंपाकघर धुऊन दिले होते.

संध्याकाळी बोट सुटली. वरचे डेक रिकामे होते, पासाऊचे मनोरे मागे जात होते आणि दोन्ही काठांना झाडी लागली होती. मी आईला फोन लावला. सांगलीत रात्र झाली होती, भाऊही शेजारीच होता. मी त्यांना भिंतीवरच्या रेघांचे सांगितले आणि म्हणाले, की आपणही काढू या. जिन्याच्या भिंतीवर, बाहेरून आलेल्या माणसाला दिसेल अशी. ऑइल पेंटने, २००५ ची आणि २०१९ ची, वर्ष घालून.

भाऊ लगेच म्हणाला, “ताई, खालची खोली भाड्यानं द्यायची आहे. रेघ बघून कोण येईल?”

त्याचे म्हणणे खोटे नाही. घराच्या किमतीचा प्रश्न आहे, त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा आहे, आणि मी तिथे राहत नाही. मला तेव्हा पटकन उत्तर सुचले नाही. आई मात्र मधेच बोलली. ती म्हणाली, “काढणार असाल तर रंगाऱ्याला अंदाजानं काढू देऊ नका. पाच सालाचं पाणी चौथ्या पायरीला लागलं होतं. एकोणीसचं अकराव्या पायरीच्या वर चार बोटं. मी सज्जातून उतरायच्या आधी बघून ठेवलंय.” इतकी वर्षे तिने हे कुणाला सांगितले नव्हते. कपाट सरकवून ठेवणाऱ्या बाईने आकडे जपून ठेवले होते.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, की एक भाडेकरू बघून गेला आहे, नवराबायको आणि लहान मूल, विश्रामबागेतले भाडे परवडत नाही म्हणून इकडे येतात. मी त्याला म्हटले, “मग त्यांनाच आधी जिन्यापाशी उभं कर आणि अकरावी पायरी दाखव. नंतर भाड्याचं बोल. भाडं थोडं कमी घ्यावं लागलं तर फरक मी देईन.” तो हो म्हणाला नाही. आईकडून रंगाऱ्याचा नंबर मात्र त्याने मागून घेतला.